खालांचं जायफळ

दुसऱ्याच्या तोंडावरचा डाग आपल्याच तोंडावर आहे असं समजून हळहळणारी एकच व्यक्ती मी पाहिली, ती म्हणजे नळदुर्गातल्या आमच्या शेजारच्या खाला. निजामाचं राज्य होतं, खालांचे यजमान कचेरीत कामाला होते, पण गल्लीत हुकूम चालायचा तो खालांच्या जायफळाचा. कुणाच्या गालावर वांगाचा डाग दिसला की त्या हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवीत. सहाणेवर दुधात उगाळलेलं जायफळ हे खरं औषध. मसुराचं पीठ, साय, संत्र्याची साल ही नुसती मदतीला. यजमानांना बोलवायला आलेला शिपाई एकदा त्यांच्या ओसरीवर लेप वाळवत बसला आणि निरोप तसाच राहिला. आमच्या पांढऱ्या गाईच्या नाकावरचा काळा ठिपकाही त्यांनी बराच वेळ न्याहाळला होता.

माझ्या अक्काच्या दोन्ही गालांवर असे डाग होते आणि त्यापायी आलेली स्थळं परत जात होती. ढोकीचे पाहुणे संध्याकाळी येणार म्हणून खालांनी दुपारी तिला लेप लावला, आणि पाहुणे दुपारीच आले. आई रडकुंडीला आली. म्हणाली, "खाला, मुलाच्या आईला तेवढं बोलण्यात गुंतवा." खाला गेल्या, पण त्या बाईंच्या गालांवरही डाग दिसले आणि त्या सगळं विसरल्या.

"तुमचं तर लई जुनं दिसतंय वो. घरात कुणी बघितलं न्हाय का?"

"कोण बघतंय," बाई हळूच म्हणाल्या.

आई चहा घेऊन आली, तर बाईही लेप लावून बसलेल्या. समोर अक्का, तशीच. बाईंनी तिला निरखून पाहिलं. "पोरगी आमची झाली," त्या म्हणाल्या. "आता तोंड धुवायला पानी द्या."

डाग मात्र दोघींचेही गेले नाहीत. पुढं राज्य बदललं, आणि खालांच्या मुलानं बिऱ्हाड हैदराबादला हलवायचं ठरवलं. आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं. अक्का सासूला घेऊन निरोपाला आली. खालांनी दोघींची तोंडं उजेडाकडे वळवली आणि "जरासंच राहिलंय" असं धडधडीत खोटं सांगितलं. मग गाडीपाशी थांबून म्हणाल्या, "हैदराबादेत माज्यापुढं गाल कोन करील?"

अक्काच्या सासूबाईंनी आपला गाल पुढं केला. जायफळ सामानात बांधून झालं होतं. खालांनी नुसताच हात फिरवला.