सोडा इंजिन!

सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या लूम कारखान्यात किस्से साचायचे ते मागाखाली साचणाऱ्या सुताच्या कचऱ्यासारखे. रोज झाडा, रोज तेवढेच! आणि निम्म्या किश्शांत फजिती माझीच.

मी तिथे माग दुरुस्त करायचो. त्याआधी मुंबईला विमानाच्या इंजिनांच्या वर्कशॉपमध्ये होतो. मोठ्या, रुंद पोटाच्या विमानांची इंजिनं! त्यांचं वर्षानुवर्षं एकच घराणं चाललेलं. आजोबा, बाप, नातू, मॉडेल बदलायचं, पण कव्हर काढलं की खानदान ओळखू यायचं. हे मी इतक्यांदा सांगितलं की माझं नावच ‘इंजिनवाले’ पडलं.

*

एकदा माग चालवणारे आमचे खान्देशी भिलाआबा बायकोचा मिक्सर घेऊन आले. मी तो उघडला. जोडल्यावर तीन स्क्रू उरले!

आबा म्हणाले, "विमाननं इंजिन खोलस, अन् तुले मिक्सर येत नही?"

खरी गोष्ट अशी, वर्कशॉपमध्ये मी हेल्पर होतो. खोलायचे दुसरे, मी पार्ट धुवायचो.

*

चहाच्या सुट्टीत गच्चीवर होतो. वरून एक मोठं विमान चाललेलं. मी डोळे मिटून कान दिला. "आवाज ऐका! आपल्याच घराण्यातलं इंजिन!"

तेवढ्यात आवाज थांबला. विमान मात्र चाललंच होतं. आवाज शेजारच्या डाईंग मिलच्या ब्लोअरचा होता! आठवडाभर ब्लोअर सुरू झाला की कुणीतरी ओरडायचं, "इंजिनवाले, दुबई का लंडन?"

*

वर्कशॉपमधली एक पद्धत मात्र मी इथे आणली. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवायची आणि हत्यार तिथेच टांगायचं. पाळी संपली की मोजणी. एक जरी जागा रिकामी दिसली तर हत्यार आत राहिलं असेल म्हणून तिथे इंजिन बाहेर जात नसे. सगळं जुळलं की तिथले शिंदे मेस्त्री म्हणायचे, "सोडा इंजिन!"

आमचे शेठ खूश. "आ तो बहु सरस छे!"

एकदा मोजणीत पक्कड कमी भरली. मी दाराशी उभा राहिलो, कुणाला घरी जाऊ देईना. शेवटी पक्कड निघाली माझ्याच मागच्या खिशातून!

"इंजिनवाले, आते खिसा बी मोज!" आबा म्हणाले. सगळे पोट धरून हसले. मी मात्र पक्कड टांगून बाहेर निघून गेलो.

कारण मुंबईतही हेच झालं होतं. आमच्या शिंदे मेस्त्रींच्या पाळीत एक छोटा पाना कमी भरला. तीन दिवस इंजिन उलगडून शोधलं. पाना माझ्या खिशातून घरी गेला होता. मला तो रात्रीच सापडला, पण सांगायची हिंमत झाली नाही. मेस्त्रींना इंजिनावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. मी नोकरी सोडून सुरत गाठली. पाना फेकवेना, म्हणून फळीवर पहिल्या खिळ्याला टांगला. त्याला कुणी हात लावायचा नाही, अशी माझी सक्त ताकीद. लाज वाटायची, रोज.

*

मग एक दिवस शिंदे मेस्त्रीच दारात! रिटायर झालेले, भाचीच्या लग्नाला सुरतेत आलेले, कुणीतरी माझा पत्ता दिलेला. मी मागाच्या आड सरकलो.

आबांनी खुर्ची पुढे केली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "मेस्त्री, हाऊ खरंच इंजिन खोले का?"

"छे हो! पार्ट धुवायचा," मेस्त्री म्हणाले. "पण स्वच्छ धुवायचा!"

कारखाना हसून हसून लोळला. मी मान खाली घातली.

चहा घेऊन मेस्त्री उठले. जाता जाता फळीपाशी थांबले. पहिल्या खिळ्यावरचा पाना काढला, चष्मा लावून त्यावर कोरलेला वर्कशॉपचा नंबर वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. पाना पुन्हा टांगला, आकृतीत नीट सरळ केला.

"भरली मोजणी," म्हणाले. "सोडा इंजिन."