मामांच्या कॉम्प्युटरमधलं मराठी कार्ड

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हसळ्याच्या माझ्या दुकानात एका लॅपटॉपचे स्क्रू मोजत होते. बोर्ली पंचतनहून त्यांचे शेजारी बोलत होते. "मास्तर गेले. सकाळी उठलेच न्हाईत." मी शटर ओढलं आणि निघाले. रस्ताभर रडू आलं नाही. दोन महिन्यांपूर्वी याच दुकानातून मी त्यांना किती घाईनं वाटेला लावलं, तेवढंच आठवत राहिलं.

मामा प्राथमिक शिक्षक. गावात कॉम्प्युटर कुणी पाहिलाही नव्हता तेव्हा त्यांनी जुना का होईना, घरी आणला. त्या काळी तसल्या यंत्राला मराठी येत नसे. पडद्यावर देवनागरी हवी तर आत वेगळं, हातभर लांब कार्ड बसवावं लागे. मामांनी ते मुंबईहून एसटीत मांडीवर ठेवून आणलं. कशासाठी, तर मामीसाठी! मिठागरावर वाढलेली आमची मामी, लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बोलायला बसली की ऐकत राहावं. ती आपली हकिगत सांगे आणि मामा टाइप करत. एक शब्दही सुधारायचा नाही, हा नियम. शाळेत काना-मात्रेवरून पोरांचे कान पिळणारा हा माणूस घरी 'व्हतं'ला 'व्हतं'च लिहीत असे. मामी गेल्यावर ते रोज त्यातलं पानभर वाचत.

घराला रंग देताना कुणीतरी वायरी सोडवल्या, पुन्हा जोडल्या, आणि मामीची अक्षरं गायब झाली. इंग्रजी दिसे, मराठीच्या जागी नुसत्या रेघा आणि टिंबं. मामा ते सगळं धूड रिक्षात घालून माझ्याकडे आले. दुकानात गर्दी होती. मी कार्ड उपसलं, खोडरबरानं त्याचे पाय घासले, परत बसवलं, पडद्याची वायर मागे खोचली. तीच टिंबं.

"कार्ड गेलं, मामा. आता हे कुठे मिळत नाही."

"अगं, मागं दोन जागा हायत सारख्याच. वायर दुसरीत..."

"मामा, इतकी वर्षं मी हेच करते ना?"

"तू म्हणतेस म्हणजे गेलंच असणार," ते म्हणाले आणि चहाही न घेता परतले. मला, खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं वाटलं होतं.

दिवसकार्य उरकल्यावर मामेबहीण शुभा पनवेलहून खोली आवरायला आली. मीही गेले. यंत्र भंगारात द्यायचं म्हणून भिंतीपासून ओढलं आणि पाठ उजेडात आली. नऊ भोकांच्या दोन जागा. एकीशेजारी प्रिंटरची रुंद जागा, म्हणजे ते साधं इंग्रजी कार्ड; दुसरी जागा मराठी कार्डाची. शिकताना हे मी पाठ केलेलं. वायर त्यातच होती, मीच खोचलेली. वायर काढली, दुसऱ्या जागी लावली, बटण दाबलं, मामीची हकिगत उघडली.

"आमच्या आगराला तवा बांध नव्हता. भरती आली का मीठ सगलं वाहून जायाचं... अवो, दूध उतू जातंय, उठा आधी!"

दुधाचंही मामांनी टाइप केलं होतं. शुभा हसता हसता रडायला लागली. "आईच बोलतेय गं! बाबा सांगत होते कार्ड मेलं म्हणून."

गप्प बसले असते तर तिला कधी कळलंही नसतं. पण मी सांगितलं. दोन जागा, गर्दी, माझा तो ताठा, सगळं.

"तुझ्याकडून आले त्या दिवशी फोन केला होता त्यांनी," ती म्हणाली. "म्हणाले, शुभे, तुझी आई आज खरी गेली."

मी तिथेच खाली बसले. पडद्यावर मामी बोलतच होती.