रांग लहान करण्याचं काम

सत्तरच्या दशकात एका तेल कंपनीनं मला नागपूरच्या डेपोत धाडलं, ते टँकरची रांग लहान करायला. रांगांचं शास्त्र शिकून आलो होतो. हातात स्टॉपवॉच होतं आणि डोक्यात हवा.

टँकर भरायची पाळी तिथले एक जुने मुकादम ठरवत. त्यांची तऱ्हा मला अजब वाटली. उमरेडचा टँकर सकाळपासून फाटकाशी उभा असला, तरी मागून आलेला गडचिरोलीचा टँकर ते आधी भरू देत. मला त्यात सरळसरळ वशिला दिसला. मी नियम केला, जो आधी येईल तो आधी भरेल. अहवालात हेही लिहून टाकलं, की आता मुकादमाची गरज नाही. त्यांची चार वर्षं नोकरी बाकी होती, आणि ते मला ठाऊक होतं.

आठवड्यात रांग निम्मी झाली. मी स्वतःवरच खूश. मग गडचिरोलीहून तार आली, रेशन दुकानांत रॉकेल नाही. चौकशी केली तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. लांबचे टँकर आता दिवस मावळल्यावर पोचत होते. तिथे वीज नव्हती, आणि कंदील घेऊन तेल उतरवायची कोणाची छाती! ते सकाळपर्यंत तसेच उभे राहत आणि एक दिवस उशिरा परतत. डेपोतली रांग घटली होती, कारण टँकर येतच नव्हते.

मी तणतणतच मुकादमांकडे गेलो. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मले इचारलं कुठं, साहेब? तुम्ही तर घड्याळ पाहून राहिले होते."

मग विचारलं. तीन दिवस त्यांच्याशेजारी बाकड्यावर बसलो. कोणत्या गावाला किती वेळ लागतो, पावसाळ्यात कोणता नाला अडवतो, कुठल्या बाजाराच्या दिवशी रस्ता तुंबतो, सगळं त्यांना तोंडपाठ. आता यांची नोकरी वाचवायचीच, असं मी ठरवलं. सगळं मांडून मोठा तक्ता केला आणि वरच्या कचेरीला कळवलं, की ही अक्कल या माणसाची आहे.

कचेरीला तक्ता फार आवडला. तो फाटकाजवळ टांगावा, चौकीदारानं त्याच्यावरून पाळी द्यावी आणि मुकादमाला मुदतीआधी निवृत्त करावं, असा हुकूम आला. मी दोनदा लेखी विरोध केला. काही उपयोग झाला नाही. मला बढती मिळाली, याची लाज आजही वाटते.

शेवटच्या दिवशी मुकादम तक्त्यासमोर उभे राहिले. एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांनी तो सावकाश वाचला. एखादी तरी चूक निघावी, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

"सारं बराबर लिहिलं, साहेब," ते म्हणाले. "एकबी चूक नाही."