कोरिनची दुसरी पट्टी

व्हर्ना हुडाकबाईंच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता; बाईंनी मात्र अजून दिला नव्हता. ओहायोतल्या त्या गावात बॉयलरचा कारखाना बंद पडला, तेव्हा तिथल्या या वेल्डरला तंत्रशाळेने बोलावून घेतलं. आसपासच्या हायस्कुलांतली पोरं दुपारी बसने त्यांच्याकडे येत. शिकवायचं, ओरडायचं, भाजलेल्या बोटांना मलम लावायचं. उत्साह म्हणाल, तर तो कारखान्याबरोबरच भंगारात गेला असावा.

वर्षातून एकदा कॉलेजचा माणूस परीक्षेला यायचा. पोरांनी दोन पट्ट्या जोडायच्या, जोड आपोआप निवू द्यायचा, मग यंत्रात घालून वाकवायचा. तडा गेला नाही, तर कॉलेजातलं पहिलं सत्र माफ, तेवढी फी वाचली. यंदा आलेला लेलँड बाईंचाच जुना विद्यार्थी. आणि बाईंच्या वर्गातल्या कोरिन योडरला ते सत्र हवंच होतं. बापाने बजावलं होतं, सत्र माफ झालं तर कॉलेजात जा, नाहीतर माझ्याबरोबर कारखान्यात कोंबड्या कापायला चल.

परीक्षेचा शुक्रवार होता. चर्चच्या बायका विकतात त्या पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, संपायच्या आत पोचावं, एवढीच बाईंची त्या दिवशीची महत्त्वाकांक्षा. बाहेर बसचा भोंगा वाजला आणि त्यांच्या पाठीमागे, कोरिनच्या जागेशेजारच्या पाण्याच्या बादलीत चर्रर्र झालं. एरवी बस सुटायच्या वेळी सगळेच गरम लोखंड बादलीत बुडवून कपाटात टाकत. परीक्षेला ते चालत नाही. जोड ठिसूळ होऊ शकतो, म्हणून पट्टीच बाद धरतात. कोरिनचा हात सवयीने बादलीकडे गेला होता. लेलँड दारात फोनवर बोलत होता, त्याला पत्ता नव्हता. बाईंनी मान वळवली नाही. या वयात कोण कटकट करणार?

पट्टी वाकली, तडकली नाही. कोरिनचा चेहरा खुलला.

"पास," लेलँड म्हणाला.

"पाण्यात बुडवली होती तिनं," बाई म्हणाल्या. आपण बोललो, हे त्यांनाही बोलून झाल्यावर कळलं.

"वाकली ना नीट? जाऊ द्या की, बाई. तुम्ही आम्हाला तरी कधी सोडलंत म्हणा."

"म्हणूनच सांगतेय. दुसरी जोडू दे तिला."

बस निघून गेली. कोरिनने दुसरी पट्टी जोडली, पण मध्येच दोनदा थांबून पुन्हा सुरुवात केली. जोड निवेपर्यंत तिघं बाकावर बसून राहिले. कोरिन बाईंकडे बघत नव्हती. लेलँडने यंत्र दाबलं, तेव्हा पट्टी शिळ्या पावासारखी मधोमध उलली. त्याने कागदावर 'नापास' लिहिलं. बॅग उचलून गेला.

बाईंनी कोरिनला आपल्या गाडीतून घरी सोडायला नेलं. वाटेत कोंबड्यांचा कारखाना मागे पडला.

"पहिली चालली असती," कोरिन म्हणाली.

"हो."

"गप्प बसायचं होतंत, बाई."

"बसणारच होते गं," बाई म्हणाल्या. "तेवढंही जमलं नाही मला."

घर यायच्या आधीच्या वळणावर कोरिनने गाडी थांबवायला सांगितली. बापाला काय सांगायचं ते ठरवायला तिला थोडं चालायचं होतं.