सगळं हिरवं

लातूरच्या स्टँडवर आई खिडकीखाली उभी होती. रडत नव्हती, सूचना देत होती. खिडकीशी बस, बॅगेवर पाय ठेव, कुणी दिलेलं खाऊ नको. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बॅग वर चढवून दिली आणि ते दाराशी जाऊन कंडक्टरला उगाच काहीतरी विचारत राहिले. माझं आयटीआय झालं होतं, चाकणच्या एका कंपनीचं पत्र आलं होतं आणि आमच्या गल्लीतून नोकरीसाठी एकटी बाहेर पडणारी मी पहिलीच मुलगी होते. गाडी हलली तशी आई दोन पावलं बरोबर चालली. "पोचलीस की सांग," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "पोचलीस की सांग गं."

मी तीन दिवस काही सांगितलं नाही. मुद्दाम नाही. सहा मुलींची एक खोली, कंपनीचं ट्रेनिंग, गॅससाठी रांग, यात राहून गेलं. तेव्हा घरी फोन नव्हता. निरोप द्यायचा तो दादांच्या शिलाईच्या दुकानासमोरच्या मेडिकलवर. तिसऱ्या दिवशी मी तिथं फोन लावला तर उचलला आईनंच. ती तीन दिवस मेडिकलच्या पायरीवर बसून काज-बटणं करत होती, असं मला नंतर कळलं. रागावली नाही. "पोचलीस व्हय? बरं झालं. जेवलीस का?" एवढंच म्हणाली.

हे मी तुम्हाला सांगतेय, जे माझ्यासारखे नांदेड, बीड, लातूरहून इकडे आलात आणि ज्यांच्या मोबाईलमध्ये घर नावाचा एक ग्रुप आहे. आणि तिकडे मागे राहिलेल्यांनाही सांगतेय, जे त्या ग्रुपवर रोज "सगळं बरं आहे" असं कळवतात.

गाडीच्या आत वायरींचं जे जाळं असतं ते आमच्या लाईनवर बांधलं जातं. लांब बोर्डावर वायरी पसरायच्या, टेप मारायची, क्लिप लावायच्या, कनेक्टर बसवायचे. आई आयुष्यभर काज-बटणं करत आली आणि मी क्लिपा लावते, घरचा धंदा काही सुटला नाही, असं मी रूमवरच्या मुलींना हसत सांगायचे. पाच वर्षांत मी लाईन लीडर झाले. लाईनवर मोबाईल फक्त लीडरलाच चालतो, आणि तो मोबाईल मी असा वापरला की साहेबांनी माझं उदाहरण बाकीच्या लाईनींना द्यायला सुरुवात केली.

आधी शिफ्ट बदलताना रजिस्टरमध्ये लिहायचे, "ठीक आहे." काय ठीक आहे, कुणाला ठाऊक. मी सगळ्या शिफ्टच्या लीडरांचा ग्रुप केला आणि नियम घातले. गुड मॉर्निंग नाही, फुलं नाहीत, वाढदिवस नाहीत. चुकीच्या कामाचा फोटो टाकायचा, चूक दिसेल असं बोट ठेवून. शिफ्ट संपताना लीडरनं प्रत्येक स्टेशनपुढे, म्हणजे एकेका मुलीच्या कामाच्या जागेपुढे, एक गोल टाकायचा. सगळं नीट असेल तर हिरवा, लक्ष ठेवायला हवं असेल तर पिवळा, आणि लाल म्हणजे थांबा. बोलून पाठवलेला मेसेज पूर्ण बंद, कारण मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही आणि नंतर हुडकता येत नाही. "लिहिलेलं सापडतं, बोललेलं सापडत नाही," हे माझं वाक्य मुलींना पाठ झालं होतं. त्या माझ्यामागे माझी नक्कल करायच्या. मला माहीत होतं आणि आवडायचंही.

एकदा जालन्याची एक नवी मुलगी दोन दिवस स्वतःच्या स्टेशनला हिरवा सांगत होती आणि तिथली क्लिप सैल बसत होती. लाल सांगितलं तर लाईन थांबेल, सगळे आपल्याकडे बघतील, म्हणून ती बोलली नव्हती. मी तिला ओरडले नाही. उलट सगळ्यांसमोर सांगितलं, लाल दाखवणाऱ्या मुलीला इथं कुणी बोलणार नाही. त्या दिवशी साहेब मला म्हणाले, "रेखा, एक लक्षात ठेव. सगळंच हिरवं दिसलं ना, की खुर्चीवरून उठायचं आणि जाऊन बघायचं." मी ते डायरीत लिहून ठेवलं. ती डायरी अजून आहे.

लग्नानंतर आम्ही पुनावळ्याला फ्लॅट घेतला. सुनीलची नोकरी देहूरोडला, माझी चाकणला, दोघांच्या वेळा वेगळ्या. मग घरही मी मोबाईलवर आणलं. किराण्याची यादी दोघांच्या फोनमध्ये एकच, संपलं की ज्याला दिसेल त्यानं लिहायचं. गॅस, विजेचं बिल, पाण्याच्या टँकरची वेळ, सगळ्याची आठवण फोन करून द्यायचा. आमची निम्मी भांडणं त्या यादीनं मिटवली, हे सुनीलही कबूल करतो. सोसायटीतल्या बायका मला विचारायला यायच्या, तू हे सगळं कसं जमवतेस. मी त्यांना चहा पाजून शिकवायचे.

त्याच सुमारास मी आईला मोबाईल घेऊन दिला. तिला अक्षरं येत नव्हती, पण माईकचं चित्र दाबून बोलायला ती दोन दिवसांत शिकली, आणि मग थांबलीच नाही. शेजारच्या कमलला मुलगी झाली, बोअरचं पाणी गढूळ येतंय, दादांनी कुणाची तरी बाही उलटी जोडली, बुद्धविहारात नवा पंखा बसवला. मागे दादांच्या मशीनची खडखड. शेवटी "बरं, ठिवते" म्हणायची आणि ठेवायला जमायचं नाही, मग अर्धा मिनिट नुसती मशीन चालायची. सुरुवातीला मी कंपनीच्या बसमध्ये ऐकायचे. मग वेळ पुरेना म्हणून दुप्पट वेगानं ऐकायला लागले. दुप्पट वेगात आई चिडल्यासारखी वाटायची. मग तेही राहायला लागलं आणि न ऐकलेले मेसेज साचत गेले.

आईला साखरेचा त्रास होता. तिच्या त्या वीस मिनिटांच्या बोलण्यात गोळी घेतली की नाही हे कुठंतरी मधेच यायचं, आणि एकदा ते माझ्या ऐकण्यातून निसटलं. गोळ्या संपून चार दिवस झाले होते. मी घाबरले आणि घाबरल्यावर मला जे येतं तेच केलं. पद्धत बसवली.

मे महिन्यात सुट्टीला गेले तेव्हा दादांच्या दुकानातून तीन रिळं उचलली, हिरवं, पिवळं आणि लाल, आणि आईसमोर मांडली. "हे बघ माय, बोलायचं नाही. गोळी घेतली, साखर बरी, अंग बरं, की हिरवा गोल पाठवायचा. जरा बरं नसेल तर पिवळा. लाल म्हणजे मी लागलीच निघून यायचं. सकाळी नऊच्या आत, आमचा चहा असतो तेव्हा मी बघते."

आईनं रिळं हातात घेऊन पाहिली. "लाल पाठवलं की तुला लाईन सोडावी लागती?"

"हो. म्हणून खरंच तसं काही असेल तरच लाल," मी म्हटलं.

"आन् नुसतं बोलावं वाटलं तर?"

"रविवारी मी फोन करते ना."

"बरं," आई म्हणाली आणि रिळं उचलून परत मशीनच्या खणात ठेवून आली. लाईनवरच्या मुलींना मी जे सांगितलं होतं, लाल दाखवलंस म्हणून कुणी बोलणार नाही, ते आईला सांगायचं मला सुचलंही नाही. तिला मी त्याच्या नेमकं उलटं सांगून आले.

दुसऱ्या दिवसापासून हिरवा गोल यायला लागला. एक दिवस चुकला नाही. चहाचा कप एका हातात, दुसऱ्या हातानं फोन उघडायचा, हिरवा दिसला की बंद. चार सेकंदांचं काम. रविवारी फोन करायचे, पण रविवारी कधी ओव्हरटाइम, कधी सुनीलकडचे पाहुणे, आणि हिरवा तर आलेलाच असायचा. कंपनीत चांगल्या सूचनांचा कार्यक्रम झाला तेव्हा मी पडद्यावर आधी लाईनचा ग्रुप दाखवला, मग घरचा. आईच्या नावापुढे खालपर्यंत हिरव्या गोलांची रांग. "हीच पद्धत मी घरी पण वापरते," मी म्हटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पण वाजवल्या. मला बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्या रात्री मी आईला फोन करून सांगितलं की तुझे गोल सगळ्या कंपनीनं बघितले. तिला इतका आनंद झाला की दोन दिवस ती गल्लीत सांगत फिरली.

त्यानंतर तिला पिवळा पाठवणं किती जड गेलं असेल, हे मला आता कळतं.

दादांच्या हातून कात्री निसटून तिच्या पायाच्या अंगठ्यावर पडली. छोटी जखम. तिनं हळद दाबली, कापडाची चिंधी बांधली. साखरेच्या माणसाची जखम अशी भरत नाही, हे मला माहीत होतं. तिला नव्हतं, आणि मला जखमच माहीत नव्हती. अंगठा काळा पडला, पाऊल सुजलं, तिला चप्पल घालता येईना. तीन आठवडे. दादा म्हणाले, पिवळं तरी पाठव. ती त्यांना म्हणाली, "पिवळं पाठवलं की ती इचारती. इचारलं की सांगावं लागतं. मग लेकरू लाईन सोडून पळत येतं." तीन आठवडे मी रोज नऊ वाजता चहा पिताना हिरवा गोल बघितला.

मग एका मंगळवारी गोल आला नाही. माझं लक्ष जेवणाच्या सुट्टीत गेलं. वाटलं रेंज नसेल. मी ग्रुपवर एक प्रश्नचिन्ह टाकलं. फोन केला नाही, प्रश्नचिन्ह टाकलं. त्याच वेळी आईला रिक्षातून दवाखान्यात नेत होते.

दादांचा फोन संध्याकाळी आला, दवाखान्यातल्या कुणाच्या तरी मोबाईलवरून. मी पोचले तेव्हा आई ग्लानीत होती, जखमेचं विष अंगभर पसरलं होतं. माझा हात लागला तसे तिनं डोळे उघडले आणि मला ओळखलं. "लाईन सोडून आलीस व्हय?" ती म्हणाली. तिच्या आवाजात अपराधी भाव होता, जसं काही तिनंच काहीतरी चुकवलं होतं. पाचव्या दिवशी ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक आले, तिच्याबद्दल बोलले, आणि मला तिचा आवाज ऐकावासा वाटला. दुसरं काहीच नको होतं. कोपऱ्यात बसून मी फोन हुडकायला लागले. तिचे ऐकलेले, न ऐकलेले सगळे मेसेज मी कधीच पुसून टाकले होते, फोन भरला म्हणून, जागा हवी म्हणून, लाईनचे फोटो साठत होते म्हणून. आईच्या फोनमध्येही काही नव्हतं. तो बंद पडला तेव्हा दुकानदारानं सगळं साफ करून दिला होता. खाली, खाली, अजून खाली जात राहिले, नुसते हिरवे गोल. शेकडो. लिहिलेलं सापडतं. मला माझंच वाक्य आठवलं आणि मी तिथं, लोकांसमोर, मोठ्यानं रडले. आजवर आईनं मला सांगितलेलं सगळं मी एका हिरव्या गोलात बसवलं होतं, आणि त्या गोलाला आवाज नव्हता.

बाराव्या दिवशी मी कामावर परतले. नऊ वाजता गोल बघायचा नियम मोडायची हिंमत नव्हती आणि पाळायचीही इच्छा नव्हती. गोल पाठवत जा, असं दादांना मी सांगितलं नव्हतं. त्यांनी आईच्या फोनला कधी हातही लावला नव्हता, मशीनपलीकडे त्यांना यंत्राची भीतीच वाटते. नऊ वाजता चहा आला आणि सवयीनं मी फोन उघडला. आईच्या नावापुढे लाल गोल होता.

कप तिथंच ठेवून मी पळत गेटपर्यंत गेले. नंबर दोनदा चुकीचा लागला. दादांनी पहिल्या रिंगला उचलला.

"जयभीम बाळा. जेवलीस का?"

"दादा, काय झालं? लाल कामून पाठवलं?"

"काय न्हाई. बरा हाव मी."

"मग?"

मागे मशीन बंद होती, मला ते जाणवलं. मग ते म्हणाले, "हिरवं पाठवलं की तू फोन करत न्हाईस. तुझी माय म्हणायची."

मी गेटच्या भिंतीला टेकून उभी राहिले. तिला ठाऊक होतं. इतके दिवस तिला ठाऊक होतं की हिरव्याला उत्तर नसतं, आणि तरी ती तोच पाठवत राहिली. दादांशी त्या दिवशी काय बोलले मला आठवत नाही. बोअरला पाणी आलं का, असलं काहीतरी. वीस मिनिटं बोललो. शेवटी ते म्हणाले, "बरं, ठिवतो," आणि त्यांनाही ठेवायला जमलं नाही.

तेव्हापासून रोज नऊला लाल येतो. मी रोज लाईन सोडून गेटवर जाते. साहेबांना सांगितलं आहे, ते काही बोलत नाहीत. लाईनचा ग्रुप अजून चालतो, चांगला चालतो, किराण्याची यादीही चालते, त्यांच्यावर माझा राग नाही. फक्त आता मुली हिरवा सांगतात तेव्हा मी उठून जाते आणि विचारते, जेवलीस का. त्यांना मी वेडी वाटते.

पुनावळ्याच्या फ्लॅटला मी घर म्हणते, भाड्याचा करार नाही, नावावर आहे. लातूरच्या घरालाही लोक माझं माहेर म्हणतात, पण तिथं आता माझी वाट बघणारं कुणी पायरीवर बसत नाही. मला विचाराल तर घर आता एवढंच उरलंय, सकाळी नऊ वाजता दादांनी दाबलेला एक लाल गोल. तो येतोय तोवर ते बरे आहेत. ज्या दिवशी हिरवा येईल त्या दिवशी मी फोन करणार नाही, मिळेल त्या गाडीत बसणार आहे.