खळीने चिकटवलेली ओळ

गुजरातेत, पांडेसऱ्यातल्या आमच्या चाळीत मी वाढले ती पत्रकांवर. बाबा रंगाईच्या कारखान्यात कामाला होते आणि कामगारांची पत्रकं तेच लिहीत. त्यांची शिकवण एकच: ओळ अशी हवी की न वाचणाऱ्यालाही पाठ व्हावी. प्लेगच्या वर्षी अर्धी चाळ खानदेशात पळाली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मी माझं पहिलं पत्रक लिहिलं आणि कारखान्यातली खळ आणून व्हरांड्यातल्या प्रत्येक भिंतीवर चिकटवलं. शेवटची ओळ आधी 'उंदीर मारा, माणूस वाचवा' अशी होती. मला ती खुजी वाटली. मी 'उंदीर' खोडून 'जनावर' केलं.

ओळ गाजली. पुरुष लोखंडी पाइप घेऊन गटारीत उतरायचे आणि तीच ओळ म्हणत उंदीर ठेचायचे. पायऱ्यांवर रक्ताचे शिंतोडे असायचे. मला अभिमान वाटायचा.

शेजारच्या मावशी मात्र पळाल्या नाहीत. विधवा बाई, साड्यांचे धागे कापून जगणारी. गावी जाऊन राहायचं कुणाकडे? त्या अर्ध्या रिकाम्या चाळीत एक तांबडी कुत्री त्यांच्या उंबऱ्यावर येऊन झोपू लागली आणि मग तिथलीच झाली.

पुढच्या उन्हाळ्यात कुत्रीला पिल्लं झाली. ओकत, रक्त हगत एकेक मेलं. एकच उरलं. त्याच आठवड्यात समोरच्या खोलीतल्या लहान मुलाला जुलाब लागले. नळाला कारखान्याचं जांभळट पाणी येत होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते. मावशींच्या उंबऱ्यावर कोण होतं?

"कुत्रीचा रोग पोराला लागला," मुलाचा बाप म्हणाला. "उद्या सुट्टी आहे. उद्या बघतो तिच्याकडे."

मी तडक जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर गुजराती, थकलेले, हातमोज्यांवर शेण. सगळं ऐकून म्हणाले, "पार्वो असेल, नाहीतर कोरोना. दोन्ही विषाणूच. कोरोना सूक्ष्मदर्शकाखाली मुकुटासारखा दिसतो, म्हणून ते नाव. वासराचा वेगळा, डुकराचा वेगळा, मांजराचा, कोंबडीचा, माणसाचा वेगळा. माणसाला त्यानं सर्दी होते."

"म्हणजे कुत्र्याचा माणसाला होत नाही. तसं लिहून द्या."

"आजवर पाहिलेला नाही, एवढं म्हणेन. हे विषाणू घर बदलतात, बेन. कुठला कधी बदलेल, मी सांगू शकत नाही." मग त्यांनी विचारलं, "ती भिंतीवरची ओळ तुमची ना? उंदीर मेला की त्याच्या पिसवा प्लेग घेऊन माणूस शोधतात. ते का नाही लिहिलंत?"

मी तशीच चाळीत परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात-आठ जण पाइप घेऊन आले. मावशी दारात बसल्या होत्या, कुत्री त्यांच्या मागे. मी मध्ये उभी राहिले.

"मी डॉक्टरांना विचारून आलेय. हा रोग माणसाला होत नाही."

"कधीच नाही?" बापाने विचारलं. रात्रभर जागलेला माणूस होता तो. त्याच्या सदऱ्यावर मुलाची ओकारी वाळली होती.

हो म्हणायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. पण यावेळी मला खरं तेवढंच बोलायचं होतं.

"आजवर झालेला नाही," मी म्हणाले.

"आजवर," तो म्हणाला. "प्लेगबी आदल्या दिवसापर्यंत नव्हता, ताई. अन् जनावर मारा हे तूच लिखेल शे ना?"

कुणीतरी मागून हसलं. "लिहिते ती, मारायचं आपण."

मला दंडाला धरून बाजूला फेकलं. पहिला घाव कुत्रीच्या कंबरेवर बसला. मागचे पाय गेले. ती पुढच्या पायांवर सरपटत पिल्लाकडे निघाली, तेव्हा दुसरा घाव जबड्यावर बसला, दात फरशीवर सांडले. मावशींनी तिच्यावर अंग टाकलं तर पाइप त्यांच्या मनगटावर आला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यानंतरही ते थांबले नाहीत. पिल्लू पोत्यात घालून खाडीत फेकलं. मुलाचे जुलाब थांबले नाहीत. नळाचं पाणी जांभळटच होतं.

संध्याकाळी हाताला फळी बांधलेल्या मावशी माझ्या दारात आल्या. दुसऱ्या हातात उलथणं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"ती ओळ कोठे शे, माय? वाची दाखव."

मी त्यांना भिंतीपाशी नेलं. ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं: जनावर मारा, माणूस वाचवा. माझं बोट होतं तिथे त्या डाव्या हाताने खरवडू लागल्या. कागद निघेना. खळ घट्ट होती; आधी चुना आला, मग गिलावा.

मी त्यांच्या हातातून उलथणं घेतलं. पुढचं पत्रक त्यांच्याच उंबऱ्याशेजारी होतं. खालचं रक्त अजून पुसलेलं नव्हतं. मी त्यात गुडघे टेकले आणि खरवडायला लागले.