पाय ठेवायची जागा

माझी रोसांदा मावशी एकेचाळीस वर्षं दर ऑगस्टला व्हिएन्नाहून सर्बियातल्या आमच्या गावी गाडीने गेली, आणि त्यातल्या एकाही वर्षी तिचे पाय गाडीच्या तळाला टेकले नाहीत. ही मी वाढवून सांगितलेली गोष्ट नाही. ती नवऱ्याच्या, ब्लागोये काकांच्या शेजारी बसायची आणि तिच्या पायाखाली दर वर्षी काहीतरी असायचं. एका वर्षी नळ, एका वर्षी बिजागऱ्यांचं खोकं, एका वर्षी संडासाचं भांडं. एकदा तर फाटकावर बसवायचा सिमेंटचा सिंह मांडीवर घेऊन ती नऊ तास बसली. हंगेरीच्या सीमेवरच्या शिपायाने सिंहाचा पासपोर्ट मागितला, हे काका अजून रंगवून सांगतात. गावी पोचल्यावर मावशीचे पाय टम्म सुजलेले असायचे आणि ती ते मिठाच्या पाण्यात बुडवून बसायची, हे मात्र ते सांगत नाहीत.

हे सगळं जायचं गावी बांधत असलेल्या घरात. तीन मजली घर. खालचा मजला दोघांना, मधला मुलाला म्हणजे गोरानला, वरचा होणाऱ्या नातवंडांना. अकरा महिने कुलूप आणि बाराव्या महिन्यात झाडलोट. आमच्या गावात परदेशी कमावणाऱ्यांची अशी घरं इतकी आहेत की हिवाळ्यात एखाद्या खिडकीत दिवा दिसला तर माणूस थबकून बघतो, कोण मेलं म्हणून. मला त्या घरांचा राग येतो. दगडविटांवर रागावून काय होणार, असं लोक म्हणतात, पण मी रागावते.

मावशी व्हिएन्नात हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. इस्त्रीच्या लांब टेबलाच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला निव्हेस नावाची इटालियन बाई. बावीस वर्षं दोघींनी एकेका चादरीची दोन दोन टोकं धरून घडी घातली. दोघींचंही जर्मन कच्चं, त्यामुळे दोघींना एकमेकींचंच नीट कळायचं. निव्हेस निवृत्त होऊन ग्रादोला, समुद्रकाठच्या आपल्या गावी परत गेली. दर ईस्टरला तिचं कार्ड यायचं आणि खाली एकच ओळ असायची : पलंग तयार आहे. यंदाचं कार्ड तिच्या भाचीच्या अक्षरात आलं. निव्हेसचा उजवा हात आता चालत नाही.

काकांनी कधीचं कबूल केलं होतं, की दोघंही निवृत्त झाले की एकदा लांबच्या रस्त्याने जायचं. यंदा ते वर्ष आलं. मावशीने जानेवारीत जेवणाच्या टेबलावरच्या मेणकापडाखाली नकाशा सरकवला आणि एक वही केली. ग्रात्स, मारिबोर, ल्युब्लियाना, मग ग्रादोला निव्हेसकडे दोन रात्री. तिथून इटलीच्या कडेकडेने खाली बारीपर्यंत, बोटीने पलीकडे, माँटेनेग्रोचे डोंगर चढून गावी. कुठल्या देशाचा रस्ताकराचा स्टिकर कुठे घ्यायचा, कुठल्या पंपावरचे संडास स्वच्छ आहेत, कुठल्या शनिवारी अख्खा जर्मनी सुट्टीसाठी गाड्या काढून रस्त्यावर उतरतो, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात : गाडीत फक्त कपडे. काकांनी ते वाचून मान डोलावली होती. मी साक्षीला आहे.

मी त्यांच्याच इमारतीत दोन मजले खाली राहते आणि रविवारी त्यांच्याकडे जेवते. जुलैच्या शेवटच्या रविवारी मिरच्या भाजून झाल्या होत्या आणि मावशी मला वही दाखवत होती. एका पानाशी ती थांबली. ग्रादो खोडलं होतं. तिथे काकांच्या ठोकळ्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं : सास्सुओलो, दोन रात्री.

"ब्लागोये, हे कुठलं गाव?"

"मोदेनाच्या जवळ. छान आहे."

"समुद्र आहे?"

"समुद्राचं काय करायचंय तुला, पोहता येतं का?"

"मग आहे काय तिथे?"

काका पाव मोडत राहिले. उत्तर मी दिलं, कारण ते व्हिएन्नातल्या प्रत्येक गवंड्याला माहीत आहे. "फरशा. कारखानेच कारखाने आहेत तिथे."

"वरच्या मजल्याच्या राहिल्यात ना," काका म्हणाले. "जातोच आहोत तर घेऊन टाकू. मागची सीट काढली की तीनशे किलो आरामात बसतात. दोनचार खोकी पुढे."

"पुढे कुठे?"

"पुढे म्हणजे पुढे. तुझ्या पायांना सवय आहे, रोसा."

त्या क्षणी मला ते भाजलेल्या मिरच्यांचं ताट त्यांच्या डोक्यावर ठेवावंसं वाटलं. मावशी ओरडली नाही. तिने हात पुसले, फोन उचलला आणि गोरानला लावून टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"गोरान, आपल्या गावच्या घरात तू राहायला जाणार आहेस का? खरं सांग."

"आई, मी बाबांना ईस्टरलाच सांगितलंय. मला नको, मुलांनाही नको. विकून टाका म्हटलं. त्यांनी सांगितलं नाही तुला?"

काका म्हणाले, "पोरं आहेत. बदलतात."

"चाळीस वर्षांचा आहे तो," मावशी म्हणाली. "तुला ईस्टरपासून माहीत होतं. मी इथे पेन्सिलीला टोक काढत बसले होते आणि तुला माहीत होतं. निव्हेसचा हात गेलाय ब्लागोये. माझ्यासोबत बावीस वर्षं चादरी धरल्या त्या हाताने. आणि तू तिचं नाव खोडून फरशा लिहिल्यास. त्याही कुणासाठी? उंदरांसाठी."

"निव्हेसला काय, पुढच्या वर्षी भेटू."

"तू जा तुझ्या घरी. मी ग्रादोला जाते."

"कशाने जाशील? गाडी चालवता येते का तुला?"

"बसने. बसमध्ये पायाखाली काही नसतं."

काकांना वाटलं, दोन दिवसांत निवळेल. निवळलं नाही. मग त्यांनी हट्टाने व्हिएन्नातल्याच दुकानातून फरशा आणल्या, म्हणजे फरशांसाठी इटलीत जायची गरजही नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी मावशीने त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, कागदपत्रं आणि भाकरतुकडा निळ्या पिशवीत भरून गाडीत आपल्या जागी, खाली ठेवला. एवढ्या रागातही ठेवला, याचा मला वेगळा राग आला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती माझ्यासोबत बस स्टँडवर आली, हातात एक छोटी बॅग आणि कागदात बांधलेला केक.

दुपारी तिचा निरोप आला. पोचले. निव्हेसने डाव्या हाताने दार उघडलं. पाय सुजले नाहीत.

संध्याकाळी काकांचा फोन आला, हंगेरीच्या सीमेवरून, रांगेतून. आवाज ओढल्यासारखा येत होता.

"पोरी, तुझी मावशी फोन उचलत नाही. माझ्या गोळ्या कुठे ठेवल्यात तिने? कागदपत्रंही सापडत नाहीत."

"निळ्या पिशवीत. तिच्या सीटपुढे, खाली. जिथे तिचे पाय असायचे."

मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"तिथे फरशा आहेत गं," काका म्हणाले. "पार वरपर्यंत. मी न बघताच रचल्या."

"मग उतरवा," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.